संपातली एक जोड

पेणच्या ज्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथे डोळे काढेपर्यंत गणपतीला गणपती म्हणत नसत. तोवर तो नग. "त्या दोन नगांची सोंड तडकलीय," "हा नग जरा उन्हात सरकव," असंच बोलणं. त्यांच्या डोक्यांवरून आम्ही रंगाचे डबे एकमेकींना द्यायचो. पाय लागला तर "बघून चाल गो," एवढंच. पण त्याच मूर्तीला एकदा डोळे निघाले की सगळ्यांचा आवाज खाली यायचा, आणि तिला हलवायचं असलं तर आधी पदराला हात पुसायचे. मी रोह्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला याचं हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षी मीही हात पुसायला लागले.

डोळे काढण्याला आखणी म्हणतात. दोन डोळे मिळून एक जोड, आणि आखणीची मजुरी जोडीवर. देहाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने हे बायांचं काम, ते रोजावर. आखणी पुरुषांची. मी तिच्यात शिरले ती काकांमुळे. काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने आखणीवाले, धरमतरच्या खाडीकडचे. त्यांच्या घरचे सगळे मिठागरावर. "मिठानं घरातल्या सगळ्यांचे पाय खाल्ले, म्हटलं आपले हात तरी वाचवू," असं ते सांगायचे. दुपारच्या सुट्टीत मी रद्दी पेपरावर डोळा काढत बसले होते, तो त्यांनी बघितला. पेपर उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाले, "उजवा मोठा झालाय. रोज शंभर काढ, मग बोलू." मी रोज शंभर काढले. घरात रद्दी उरली नाही. सहा महिन्यांनी त्यांनी मला स्वतःचा एक जुना, बारीक कुंचला दिला आणि शेजारी बसवलं. दोघातिघांनी तोंडं वाकडी केली, पण काकांपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

आखणीत हात लपत नाही. रंग एकच, कुंचले एकाच दुकानातले, तरी कारखान्यातली कुठलीही बाई लांबून सांगायची की ही जोड कुणाची. काकांचा गणपती जरा खाली बघायचा, स्वतःच्या हातातल्या मोदकाकडे, पोट भरल्यासारखा शांत. माझा गणपती समोर बघायचा. बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे. ते मला कुणी शिकवलं नाही, ते बाबांमुळे आलं.

माझे बाबा रोह्याच्या एका वाचनालयात शिपाई. झाडायचं, पेपर लावायचे, पुस्तकं द्यायची-घ्यायची, सगळं तेच करायचे, आणि महिन्याला जे मिळायचं त्याला पगार म्हणत नसत, मानधन म्हणत. त्या शब्दावर बाबा फार जळायचे. मी शाळेत असताना तालुक्यातल्या वाचनालयांच्या माणसांनी पगारासाठी आठ दिवस कुलपं लावली होती. बाबांच्या कमरेला किल्ली होती. रोज सकाळी पेपरवाला दाराखालून पेपर आत सरकवायचा, आणि बाबा, ज्यांना पेपराशिवाय चहा जायचा नाही, ते दाराबाहेर पायरीवर नुसते बसून राहायचे. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी आत जाऊन वाचा की, कोण बघतंय?" ते म्हणाले, "लोकांना नाय दिला तो पेपर मी कसा वाचू?" मला तेव्हा ते येडेपणाचं वाटलं. मी लहान होते, आणि मला आतल्या मासिकातली गोष्ट पुढे वाचायची होती.

मी आखणीला बसू लागल्यापासून आमच्या रोह्याच्या घरचा गणपती माझ्या हातचा. बाबा आल्यागेल्याचं बघायला दाराजवळ बसायचे, म्हणून मी डोळ्यातली बाहुली केसभर त्या बाजूला सरकवायची. पहिल्या वर्षी आरती झाल्यावर बाबा आपल्या जागेवर बसले, मूर्तीकडे बघितलं, जरा इकडे सरकले, तिकडे सरकले आणि म्हणाले, "हा माझ्याकडंच बघतोय गो." दरवर्षी ते हेच म्हणायचे आणि मी दरवर्षी ते ऐकायला रोह्याला जायची. खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी केलेल्या कौतुकाचं मला काही वाटायचं नाही.

आता संपाचं सांगते. मूर्तीची किंमत दर वर्षी चढत होती आणि जोडीचा दर होता तिथेच होता. बायांचा रोज तर इतका कमी की शेतावर लावणीला गेलेली बाई आमच्यापेक्षा जास्त घेऊन यायची, वर तिला जेवण. गणपती गेले की पुढचे कित्येक महिने काम निम्म्यावर. तरणी पोरं एकेक करून नागोठण्याच्या कंपनीत चिकटत होती. तिथे शिफ्ट संपली की माणूस मोकळा. मजुरीचं काढलं की आमचे शेठ म्हणायचे, "अहो, तुम्ही कलाकार माणसं. कलेचं काय मोल करायचं?" आणि सकाळी दहा मिनिटं उशीर झाला की, "हा कारखाना हाय, इथं हजेरी लागते." शेठ वाईट नव्हते, कुणाच्या घरी आजारपण असलं की स्वतःची गाडी पाठवायचे. पण दराचा विषय निघाला की ते कलेवर बोलायला लागायचे.

त्या वर्षी श्रावण निम्मा होत आला होता. मागच्या पडवीत आम्ही सगळे बसलो, आखणीवाले आणि रोजावरच्या बाया, पहिल्यांदाच एकत्र. कुणी म्हणालं काम बंद करू. काका म्हणाले, "बंद कशाला? सगळं काम करायचं. रंग करा, शेले करा, दागिने करा. डोळा तेवढा काढायचा नाय." एक क्षण कुणाला कळलं नाही. मग पीतांबर रंगवणारी म्हातारी मावशी खुदकन हसली, कारण डोळ्याशिवाय कोण गणपती घरी नेणार? आणि जोडीचा दर वाढेल त्याबरोबर बायांचा रोज वाढलाच पाहिजे, हेही ठरलं. एकाने विचारलं, "आणि आपल्या घरचा?" काका म्हणाले, "घरचा पण नाय. सगळ्यांचे निघतील तवा आपले." मी सगळ्यांबरोबर मान हलवली. ती मान मला चांगली आठवते.

पहिले काही दिवस मजेत गेले. शेठ फेऱ्या मारायचे, कुणी रिकामं बसलेलं दिसायचं नाही, त्यामुळे ओरडायलाही जागा नव्हती. फळ्यांवर रांगाच्या रांगा तयार झाल्या. मुकुटावर सोनेरी, शेल्याला जरीकाठ, आणि डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा. मुंबईच्या व्यापाऱ्यांचे फोन यायला लागले. शेठांचं जेवण कमी झालं, असं त्यांच्या घरून कळलं. मला त्यांची कीव आली आणि आनंदही झाला.

सातव्या दिवशी रोह्याहून माझा धाकटा भाऊ आला. बाबा आधीपासून अंथरुणाला होते, ते मला माहीत होतं. भाऊ ओट्यावर बसला आणि पाणीही न पिता म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणाले चतुर्थीपर्यंतचं सांगता येत नाय. गणपती आत्ताच दे. फळीवर ठेवतो, बाबांना दिसेल असा."

गणपती घरातच होता. कारखान्यातल्या प्रत्येकाला घरासाठी एक नग मिळायचा, आणि मी तो आषाढातच रंगवून आणून ठेवला होता. सगळं झालेलं, डोळे तेवढे नव्हते. मी भावाला म्हटलं, "जरा हातपाय धू, मी चहा टाकते." चहा टाकलाच नाही. मूर्ती घेऊन मी मागच्या दाराशी उजेडात बसले.

मला माहीत होतं मी काय करतेय. संप मोडणारी बाई असं कुणी मला म्हणावं, हे मला सहन झालं नसतं. म्हणून मी एक हुशारी केली. आपल्या हातचे डोळे काढले तर कुणीही ओळखेल. मग मी काकांसारखे काढले. वरची पापणी जाड, बाहुली तिला टेकलेली, नजर मोदकाकडे. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांचा हात माझ्या हातात उतरला होता. रोह्यात कोण बघणार आहे, असंही मनाला सांगितलं. रंग वाळल्यावर मूर्तीच्या तोंडावर रुमाल बांधला. गणपती नेताना तसाही चेहरा झाकतात, त्यामुळे भावाला काही वेगळं वाटलं नाही. तो दुपारच्या एसटीने गेला आणि मी संध्याकाळी कारखान्यात जाऊन बाकीच्यांबरोबर दराच्या गोष्टी केल्या. माझ्या तोंडाला जरा जास्तच धार चढली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठ हातात चष्मा घेऊन कारखान्यात आले. त्यांना रोह्याहून फोन आला होता. तिथला एक मूर्तिविक्रेता, आमच्याकडूनच माल नेणारा, बाबांना बघायला गेला होता, हे मला मागाहून कळलं. त्याने फळीवरची मूर्ती बघितली आणि हात ओळखला. शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संप तुम्हाला हाय वाटतं. तुमच्या काकांना नाय. रोह्यात काकांच्या हातचा गणपती पोचलाय, डोळ्यांसकट."

मूर्ती कुणाच्या घरात आहे हे शेठांनी सांगितलं नव्हतं, कदाचित विचारलंही नव्हतं. सगळे काकांकडे बघत होते. मला वाटलं, काका आता नाय म्हणतील, आणि मग शोध सुरू होईल. काकांनी विचारलं, "कशी हाय जोड?" शेठ म्हणाले, "तो म्हणाला, शंभर टक्के काकांची." काकांनी मांडीवरचा कुंचला फडक्याला पुसला. त्याला रंग लागलेलाच नव्हता. "हात माझाच हाय तो," असं म्हणून ते उठून मागच्या पडवीत गेले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. माझी जीभ उचललीच नाही. तासाभरात कारखान्यातली हवा बदलली. दोन आखणीवाले आपसात म्हणायला लागले, काकाच गुपचूप कमावतायत तर आपण कशाला उपास काढायचे? मावशी काकांच्या चहाचा कप न भरता पुढे गेली. आठवडाभर ज्या माणसाच्या शब्दावर सगळे बसले होते, त्याच्याशी दुपारी कुणी बोललं नाही. एकाने तर रंगाची डबी उघडून समोर ठेवली, उद्या सकाळी सुरुवात करतो म्हणाला. मी दागिन्यांवर सोनेरी भरत बसले. मला माझी लाज वाटत होती, आणि तरी पकडले गेले नाही याचं बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आत भाऊ पुन्हा दारात. अंबा नदीला पाणी चढलं होतं, नागोठण्याला एसटी बराच वेळ अडकली होती, अर्धी पँट भिजलेली. काखेत तीच मूर्ती, तोच रुमाल. मला वाटलं बाबा गेले.

"बाबा हायत," तो म्हणाला. "त्यांनी परत पाठवलाय."

मी रुमाल सोडला. डोळे नव्हते. दोन्ही डोळ्यांवर पांढरा रंग फासलेला होता, भावाच्या अनाडी हाताने, गालापर्यंत ओघळलेला.

भावाने सांगितलं ते असं. त्याने मूर्ती फळीवर ठेवली, बाबांना उशीला टेकवून बसवलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा कुणाकडं बघतोय?" भाऊ म्हणाला, "तुमच्याकडं." बाबा म्हणाले, "मोदकाकडं बघतोय. हा तिच्या हातचा नाय." भाऊ म्हणाला, "ताईनंच दिला." बाबांनी दोन दिवस विषय काढला नाही. तो विक्रेता आला तेव्हा बोलता बोलता पेणला डोळे काढणं बंद आहे हे त्याच्याकडून बाबांना कळलं, आणि मग त्यांना सगळं जुळलं. तो गेल्यावर भावाला म्हणाले, "पांढरा रंग आण. पूस ते. सगळ्यांचे निघतील तवा याचे." भावाने विचारलं, "तोवर तुमचं काय?" तर म्हणाले, "तोवर मी थांबतो."

मी रडले का? रडले. भाऊ भिजलेल्या पँटने ओट्यावर उभा, आणि मी मूर्ती मांडीवर घेऊन रडत बसले. तो पेपर न वाचता पायरीवर बसलेला माणूस मला आठवत होता.

मग मी मूर्ती तशीच काखेत मारून कारखान्यात गेले. सगळे आपापल्या जागी बसत होते. डबी उघडणाऱ्याने कुंचला बुडवलाच होता. मी मूर्ती मधल्या पाटावर ठेवली आणि म्हणाले, "ती जोड मी काढली होती. बाबांसाठी. काकांसारखी काढली, माझं नाव येऊ नये म्हणून. बाबांनी पुसून परत पाठवलीय."

मावशी उठली, मूर्तीजवळ आली, त्या ओघळलेल्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शेवटी म्हणाली, "आमच्या घरात काय म्हातारी माणसं नायत?" ते मला सगळ्यात लागलं. डबीवाल्याने मात्र कुंचला पुसून ठेवला.

काका मागच्या पडवीतून आले. मूर्तीकडे बघून म्हणाले, "उजवा जरा मोठा झाला होता का गो?"

"झाला असंल," मी म्हटलं.

"तुझा होतो."

मी विचारलं, "काका, 'ती जोड माझी नाय' असं तुम्ही काल का सांगितलं नाहीत?"

"खोटं काय बोललो? हात माझाच हाय. तुला दिलेला." मग म्हणाले, "म्हटलं, एक दिवस वाट बघू. नायतर उद्या मीच बोललो असतो." त्यांनी हात पुढे केला. मला कळलं. मी पदरातून तो जुना कुंचला काढून त्यांच्या हातावर ठेवला. दुसरी कुठलीही शिक्षा मला एवढी झोंबली नसती.

संप आणखी पाच दिवस चालला. चतुर्थी आठवड्यावर आली तेव्हा शेठ पडवीत येऊन खाली फरशीवर बसले. कलेचं नाव न काढता बोलले, ते आम्ही पहिल्यांदा ऐकलं. जोडीचा दर वाढला, बायांचा रोजही वाढला, मागितला होता त्याहून कमी. गणपतीनंतरच्या महिन्यांचं काहीच झालं नाही. ते पुढेही झालं नाही. पण त्या दिवशी मावशीने सगळ्यांच्या चहात दुप्पट साखर टाकली, आणि काकांचा कप सगळ्यात आधी भरला.

मग आखणी सुरू झाली. सगळे हात कमीच पडत होते, शेठ माझ्याकडे बघत होते. काकांनी तो जुना कुंचला माझ्यापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यंदा तू एकच जोड काढायची." शेठांनी कपाळावर हात मारला. कुणीच माझी बाजू घेतली नाही, आणि मला तेच बरोबर वाटलं. त्या हंगामात मी बाकी सगळे दिवस दागिने भरले, रोजावर.

ती एक जोड मी दोन दिवसांनी काढली. आधी भावाला फोन लावून घेतला. विचारलं, "बाबांची खाट कुठं हाय? डोकं कुठल्या अंगाला? उशी किती उंच?" तो वैतागला, पण त्याने वीत लावून मोजून सांगितलं. बाबा आता दाराजवळ बसत नव्हते ना. मी मूर्ती उजेडात घेतली. खालच्या जुन्या रेघा पांढऱ्या रंगाखाली बोटाला लागत होत्या, त्यांच्यावरून कुंचला अडखळत होता. मी घाई केली नाही.

या वेळी मूर्ती मी स्वतः नेली, एसटीत मांडीवर. वाटेत गडब गावाला एका बाईने विचारलं, "लवकर चालवलात गो गणपती?" मी म्हटलं, "व्हय, वाट बघतायत."

फळीवर ठेवून रुमाल सोडला. बाबा फार वाळले होते. त्यांना उशीला टेकवलं. ते मूर्तीकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे. डॉक्टरांचा अंदाज साफ चुकला, बाबांनी त्यानंतर आणखी तीन गणपती बघितले. पण त्या दिवशी हे कुणाला माहीत होतं? त्यांनी मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे केली.

"दर काय मिळाला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला.

"बायांना पण?"

"बायांना पण."

बाबा उशीवर नीट टेकले. "मग आता बघतोय माझ्याकडं," म्हणाले.